दोन्ही हात वर काढले की नाकापर्यंत पाणी! (आर्टिस्टिक स्विमिंग, म्हणजे संगीताच्या तालावर पाण्यातला नाच)

तळ्यातमळ्यात:
मुलगी १२ वर्षांची. ब्रेस्टस्ट्रोक चांगला, भरतनाट्यमचीही ४ वर्षं झालीत. पाण्यात हात असेपर्यंत ठीक, दोन्ही वर काढले की बुडते. दम कमी पडतोय का?

पाणकोंबडी:
दमाचा प्रश्न नाही, वजनाचा आहे. दोन्ही हात मिळून शरीराच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा. पाण्यात तो भार जाणवत नाही. बाहेर काढला की ४० किलोच्या मुलीवर एकदम ४ किलोचं ओझं. ते पेलायचं फक्त एगबीटर या पायांच्या हालचालीनं: पाठ ताठ, खुर्चीत बसल्यासारख्या मांड्या, गुडघे फाकलेले, नडग्या आळीपाळीनं गोल.

ब्रेस्टस्ट्रोकची मुलं हटकून दोन्ही पाय एकदम मारतात. मग अंग उसळतं आणि लगेच खाली येतं. आळीपाळीनं मारलं तर एक पाय परत येताना दुसरा दाब देत असतो, म्हणून उंची टिकते.

आधी काठावर बसून एकेक पाय. मग खोल पाण्यात हातांनी स्कलिंग करत (तळवे पाण्यात सतत इकडून तिकडे फिरवत आधार घ्यायचा). मग एक हात वर, शेवटी दोन्ही, १५ सेकंदांपासून. गुडघा दुखला तर थांबा. फिरकी खुब्यातून न येता गुडघ्यातून येत असावी.

आठमात्रा:
आदितालाच्या ८ मात्रा अंगात आहेत हे उत्तम, इथंही आठ-आठचंच मोजतात. अरमंडीमुळे (अर्धं बसून गुडघे बाहेर वळवलेली मुद्रा) गुडघे उघडायची सवयही असेल. पण नाचात जोर जमिनीतून मिळतो; इथं स्पर्धेत तळाला पाय टेकवून चालत नाही. पाण्यात डोकं खाली, पाय वर असं उलटं उभं राहताना पावलं दिसतात का म्हणून मान वळवली की पाठीची कमान होते आणि पाय एका बाजूला कलंडतात. नजर समोर, कोपरं कमरेशी, तळवे तळाकडे.

तळ्यातमळ्यात:
आभार! श्वास वाढवायला भराभर श्वास घ्यायला सांगितलंय, बरोबर का? आणि केसांना जिलेटिन?

पाणकोंबडी:
भराभर श्वास अजिबात नको. त्यानं कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यायची निकड जाणवतच नाही आणि शुद्ध हरपू शकते. २०२२ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची जलतरणपटू अनिता अल्वारेझ पाण्यात बेशुद्ध पडली, प्रशिक्षक आंद्रेआ फुएन्तेसनं उडी मारून तिला वर काढलं. दम रोखायचा सराव काठावर जाणतं माणूस असल्याशिवाय नाही.

केस जागेवर घट्ट बसावेत म्हणून लावायचं जिलेटिन स्पर्धेपुरतं. बिनचवीचं, गरम पाण्यात विरघळवून कोमट झाल्यावर ब्रशनं लावायचं. तलावाच्या गार पाण्यात टिकतं, गरम पाण्यानं निघतं. (प्राणिजन्य असतं, शाकाहारी घरांनी आधीच विचार करावा.) सरावाला टोपी पुरे. नाकाची क्लिप मात्र पहिल्या दिवसापासून, आणि एक जादा जवळ ठेवा, निसटतेच.