फायबरची जुनी होडी घरीच दुरुस्त करतोय. मागचा फळा कुजलाय, आतून उघडू की बाहेरून?

जॉबर_सोलापूर

नमस्कार मंडळी. आधी सांगतो, मी होडीवाला नाही. २६ वर्षं पॉवरलूमवर जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा म्हणून काढली, हातात पाना असला की बरं वाटतं एवढीच लायकी.

माझे मामा करमाळा तालुक्यात उजनीच्या काठावर राहायचे. जमीन धरणात गेली, मग माणूस करणार काय, ज्या पाण्यानं जमीन नेली त्याच पाण्यात जाळं टाकायला लागले. चिलापी, रोहू, कधी मरळ. आधी पत्र्याचं होडकं होतं, नंतर ही फायबरची घेतली. १४ फूट लांब, मधे ४ फूट रुंद, मागं छोटं इंजिन लागायचं. मामा गेले आणि होडी बाभळीखाली पालथी पडली ती सात वर्षं. मामेभाऊ म्हणाला भंगारवाला पण घेत नाही, तुला पाहिजे तर ने. टेम्पोत घालून आणली जुळे सोलापुरात. गल्लीत उतरवताना शेजारचे सर म्हणाले, "अहो, पाच दिवसांनी नळ येतो इथं, होडी चालवणार कुठं?" त्यांचंही बरोबरच आहे.

आता मुद्द्यावर येतो. वरून बघितलं तर फार वाईट नाही. निळा रंग हाताला खडूसारखा लागतो. तळाला फोड आहेत, रुपयाएवढे, पण वाळलेले. डाव्या अंगाला वीतभर चीर आहे, तिच्यावर मामांनी डांबर थापलंय. हे सगळं होईल असं वाटतं.

काळजी मागच्या फळ्याची आहे, जिथं इंजिन अडकवतात. धोट्याच्या आवाजावरून कुठला माग बिघडलाय ते सांगणारा माणूस मी, म्हणून सवयीनं सगळ्या होडीवर पान्यानं ठोकत गेलो. अंगाला टणटण वाजतं. मागं आलो की भद्द. भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारावं तसं. ६ एमएमचं भोक पाडलं आतून, तर ड्रिलला भुसा येण्याऐवजी काळा गाळ आला. वास भिजक्या गोणपाटाचा. सात वर्षं पालथी पडून सुद्धा आत ओल! इंजिनाचे बोल्ट जिथून जातात तिथून पाणी शिरलं असणार, आणि शिरलेलं पाणी दोन फायबरच्या मधे कोंडून बसलं.

तर प्रश्न असे. एक, हा फळा बाहेरून कापून काढायचा की आतून? दोन, रेझिन (फायबरचे थर घट्ट धरणारा चिकट द्रव) साधं पॉलिस्टरचं चालेल की एपॉक्सीच पाहिजे? तीन, सध्या दुपारी ४२ डिग्री आहे. या उन्हात रेझिनचं काम होतं का?

पावसाळ्यानंतर उजनी भरली की पाण्यात सोडायची आहे. धंदा करायचा नाही. मामी अजून आहेत, त्यांना एकदा बसवून फिरवायचंय, एवढंच.

---

फायबरवाला_अक्कलकोटरोड

जॉबर काका, मी इथलाच. टाक्या, कूलरच्या बॉड्या आणि पुतळे करतो, होडी कधी केली नाही, पण मटेरियल तेच. त्यामुळं तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, बाकी जाणकार सांगतील.

मे महिन्यात आम्ही पहाटे साडेपाचला सुरू करतो आणि साडेआठला हात धुतो. नऊनंतर मगात कालवलेलं रेझिन ब्रशला लागायच्या आधी शिऱ्यासारखं होतं. एका वेळी अर्ध्या किलोच्या वर कालवू नका आणि कालवलं की उंच मगात ठेवू नका, पसरट ट्रेमध्ये ओता. मगात साठलं की स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, धूर निघतो, प्लास्टिक वितळतं. आमच्या पोऱ्यानं एकदा धुरानं अख्खं शेड भरवलं होतं.

हार्डनर थंडीत किलोला १५ ते २० एमएल घालतो, या दिवसांत १०. पण उशीर व्हावा म्हणून त्याच्याही खाली जाऊ नका, नाहीतर आठ दिवसांनी पण माल चिकटच राहील, पुरता वाळणार नाही. एमएल मोजायला सलाइनवाली सिरिंज घ्या, झाकणाच्या अंदाजानं नको. घमेलं, ब्रश, मॅट (फायबरच्या धाग्यांची चटई) सगळं सावलीत. उन्हात तापलेल्या होडीवर लावलं तर हिशोब सगळा चुकतो.

आणि हे नीट वाचा. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर वाळावं म्हणून घालतात ते दुसरं रसायन) एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं, मग हार्डनर. दुकानात विचारा कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन आहे का, असेल तर तेच घ्या, डोक्याला ताप नाही. हार्डनर डोळ्यात उडालं तर डोळा जातो. गॉगल घालाच, पाण्याची बादली शेजारी पाहिजे.

---

मिरकरवाडा_७२

रत्नागिरीहून लिहितो. आमच्याकडे लाकडी होड्या गेल्या आणि फायबर आलं ते डोळ्यांसमोर. तुमचं निदान अचूक आहे. फायबर कुजत नाही, फायबरच्या पोटातलं लाकूड कुजतं.

आतून उघडा. बाहेरचा पापुद्रा चांगला असेल तर त्याला हात लावायचा नाही, तोच तुमचा साचा. आतल्या बाजूनं कडेला चारही अंगांनी दोन-तीन इंच पट्टी सोडून ग्राइंडरनं चौकोन कापा आणि आतला पापुद्रा उचकटा. मग छिन्नीनं कुजकं लाकूड खरवडून काढा. जिथं चांगलं वाटतं तिथंही आणखी वीतभर पुढं जा. ओल नेहमी दिसते त्याच्या पुढं गेलेली असते. काढल्यावर घाई नको, आठवडाभर वाळू द्या. तुमच्या सोलापूरच्या उन्हाचा उपयोग इथं आहे.

प्लाय घेताना आयएस ७१० छाप, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, बघूनच. १२ एमएमचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवा. बसवण्याआधी चारही कडा रेझिननं दोन-दोनदा माखा, प्लाय पाणी पितो तो कडेनं. मग बाहेरच्या पापुद्र्याच्या आतल्या अंगाला ओली मॅट अंथरून त्यात फळा दाबायचा. मधे हवा राहिली तर परत भद्द वाजेल. दाब भरपूर आणि सारखा हवा. वरून ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर, बाजूंवर चढवून, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन बोटं जास्त रुंद. रोलर फिरवून बुडबुडे काढा. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. तुमच्या मापाला मॅट सव्वा किलो आणि रेझिन तीन किलो धरा.

बोल्टची भोकं शेवटी. आधी दुप्पट मोठी पाडायची, रेझिनमध्ये चुरा कालवून ती बुजवायची, वाळली की त्यातून बोल्टच्या मापाचं भोक. म्हणजे पाणी आलं तरी लाकडाला भेटत नाही.

मी असतो तर एपॉक्सी वापरलं असतं. लाकडाला आणि जुन्या फायबरला ते जास्त घट्ट धरतं.

---

फायबरवाला_अक्कलकोटरोड

साहेब, एपॉक्सी चांगलं हे मान्य. पण त्याच्यासोबत साधी मॅट चालत नाही, तिचा बाइंडर, म्हणजे धागे धरून ठेवणारा गोंद, पॉलिस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो, एपॉक्सीत नाही विरघळत. मग विणलेलं कापड आणा. आणि एकदा एपॉक्सी लावलं की त्यावर पॉलिस्टर जेलकोट (सगळ्यात वरचा गुळगुळीत थर) नीट धरत नाही. काका पहिल्यांदाच करतायत. माझं मत पॉलिस्टर, फक्त घासणी चोख पाहिजे. ३६ नंबरच्या डिस्कनं चमक पूर्ण जाईस्तोवर घासा आणि ॲसिटोननं पुसा. जुन्या फायबरवर रेझिन नुसतं चिकटतं, खडबडीत असेल तरच धरतं.

---

मिरकरवाडा_७२

बरोबर आहे तुमचं. माझी होडी असती तर, असं म्हणालो मी. जॉबर काकांनी पॉलिस्टरच करावं. फक्त पुढच्या वेळी इंजिन वाढवायचं नाही, आहे तेवढंच.

---

भीमाकाठ

कशाला एवढा खटाटोप. बोल्टभोवती पुट्टी थापा, वरून ऑइलपेंट मारा. कोण बघायला जातंय?

---

जॉबर_सोलापूर

भीमाकाठ, तसंच करून करून तर ही वेळ आली. डांबराच्या खाली अजून एक पुट्टीचा थर निघाला, त्याच्याखाली अजून एक.

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. मिरकरवाडा साहेबांनी सांगितलं तसं आतून उघडलं. लाकूड छिन्नीनं नाही, चमच्यानं निघालं. खरंच, घरातला जुना डाव घेतला. फक्त उजव्या कोपऱ्यात ओंजळभर चांगलं होतं, तेही काढून टाकलं.

दाब कसा द्यायचा यावर दोन रात्री विचार केला. क्लॅम्प एवढे खोल पोचत नव्हते. शेवटी होडी उभीच केली. मागचा फळा खाली जमिनीवर, नाळ म्हणजे पुढचं टोक वर आभाळात, दोरानं लिंबाला बांधली. म्हणजे फळा आडवा झाला. ओली मॅट, त्यावर प्लाय, आणि प्लायवर मागाच्या बीमला ताण द्यायला लावतात ती बिडाची वजनं. बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेली, आठ नग. कडेनं रेझिन सारखं बाहेर आलं, तेव्हा कळलं की हवा गेली. पहाटेचं काम, पण सातला गल्ली जागी झाली. समोरच्याचा नातू विचारतो, "आजोबा, गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा आणला का? तिकीट किती?"

दुसऱ्या दिवशी ठोकून बघितलं. टण्ण. पाच-सहा वेळा ठोकलं, बायको म्हणाली आता पुरे.

आता माझी चूक सांगतो. मधल्या बाकाच्या पोटात थर्माकोल होता, पाणी पिऊन जड झालेला. तो काढला. नवीन थर्माकोल आणला, मापात कापून बसवला, त्यावर मॅट आणि वर रेझिन. दोन मिनिटांत चरचर आवाज यायला लागला. बघतोय तर तव्यावर फुगलेली भाकरी टोचल्यावर बसते तसं बाक खाली बसत चाललेलं. थर्माकोल गायब! खाली नुसता गुळगुळीत चिकट खड्डा आणि त्यात लोंबकळणारी मॅट. किलोभर रेझिन गेलं, शिवाय ते खरवडायला दोन दिवस गेले.

तर विचारतो, बाकात काहीच नाही घातलं, नुसतं पोकळ ठेवलं तर चालेल का?

---

मिरकरवाडा_७२

पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल खातं, हे प्रत्येकजण एकदा स्वतःच्या पैशानं शिकतो. मीही शिकलोय.

पण बाक मोकळं ठेवू नका. लाकडी होडी पाण्यानं भरली तरी तरंगत राहते, धरून राहता येतं. फायबर पाण्यापेक्षा दीडपट जड, त्यात इंजिन. भरली की दगडासारखी तळाला. पोकळ बाकाला केसाएवढी चीर गेली तरी त्यात पाणी भरतं, म्हणून पोकळी भरलेलीच हवी. पीयू फोम ओता, त्याला रेझिन काही करत नाही. खर्च नको असेल तर घट्ट बुचाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन ठासून भरा आणि वरून बाक बंद करा. एखादा कॅन फुटला तरी बाकीचे धरतात. तीनही बाकांत करा, एकाच ठिकाणी नको, नाहीतर होडी एका टोकावर उभी राहील.

तुमच्या उजनीत २०२४ च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वाऱ्यात उलटून सहा माणसं गेली. धरणाचं पाणी म्हणून हलकं घेऊ नका. मामींना जाकीट घातल्याशिवाय बसवू नका.

---

जॉबर_सोलापूर

ते आमच्याकडं कोणी विसरलेलं नाही. मामा पण वारा सुटला की दुपारीच परतायचे, जाळं सोडून यायचे वेळ पडली तर. दोन जाकिटं सांगून ठेवलीत. कॅन पाच लिटरचे, शेंगतेलाचे, सगळ्या गल्लीतून गोळा केले. २२ बसले.

डाव्या अंगाची चीर पण केली. चिरेच्या दोन्ही बाजूंना उतार घासून, आतून तीन थर आणि बाहेरून दोन. तळाचे फोड फोडून, घासून भरले. आता शेवटचा थर मेणवाल्या रेझिनचा, मग रंग. निळाच.

शेवटचं एक विचारतो. गळती कशी तपासायची? इथं होडी बुडवायला पाणी नाही.

---

फायबरवाला_अक्कलकोटरोड

रंगाच्या आधी करा. होडीच्या आत पाणी भरा आणि बाहेरून खडूची पूड चोळा, जिथं ओल येईल तिथं पांढऱ्याचं काळपट होईल. निम्म्यापर्यंतच भरा आणि खालून चार-पाच ठिकाणी टेकू द्या, नाहीतर वजनानं तळ वाकेल.

---

जॉबर_सोलापूर

गुरुवारी रात्री अडीचला नळ आला. आधी घरची टाकी, मग होडी. पहाटेपर्यंत गुडघाभर झालं. टेकूला विटा आणि मागाची तीच वजनं. खडू चोळून टॉर्च घेऊन तीन फेऱ्या मारल्या. नाळेच्या खाली एक टिपका काळा झाला, मोहरीएवढा. बाकी सगळं कोरडं.

टिपक्याला पेन्सिलनं गोल केलाय. पाणी काढल्याशिवाय दुरुस्ती होत नाही आणि पाणी काढू देत नाहीत. प्यायचं नाही, रेझिनचा वास येतो, हे सांगून झालं. बायको म्हणते प्यायला नाही, कूलरला आणि झाडांना होतंय, पुढचा नळ मंगळवारी आहे, तोपर्यंत होडीला हात लावायचा नाही. शेजारचे सर सकाळी बादली घेऊन आले होते.