बाबांनी विकत घेतलेली ई-पुस्तकं आता कुणाची?

प्रश्न: पाचपाखाडीची लेक

माझे बाबा ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. पाळी संपली की स्टेशनकडे, मराठी ग्रंथसंग्रहालयात जायचे, पुस्तक बदलायचे आणि मगच घरी यायचे. निवृत्तीनंतर डोळ्याच्या पडद्याचा त्रास सुरू झाला, छापील अक्षर दिसेनासं झालं. 2018 मध्ये मी त्यांना ई-रीडर घेऊन दिला. अक्षर एवढं मोठं करायचे की पानावर जेमतेम पाच ओळी मावायच्या. तसं वाचून त्यांनी सात वर्षांत 212 पुस्तकं विकत घेतली. सगळी बिलं ईमेलमध्ये आहेत. मी बेरीज केली, 28,640 रुपये.

बाबा मार्गशीर्षात गेले. घरात छापील पुस्तकांची तीन कपाटं आहेत. त्यांचं काय करायचं ते आम्ही भावंडांनी एका रविवारी बसून ठरवलं, कुणाची परवानगी लागली नाही. ई-पुस्तकांसाठी मात्र कंपनीला मृत्यूचा दाखला जोडून मेल केला की खातं माझ्या नावावर करा. चार ओळींचं उत्तर आलं. खातं वैयक्तिक आहे, दुसऱ्याला देता येत नाही, पुस्तकांची मालकी नव्हती, फक्त वाचायचा परवाना होता. आणि दाखला मिळाल्यामुळे खातं बंद करत आहोत!

बाबांनी 212 वेळा 'खरेदी करा' असं लिहिलेलं बटण दाबलं होतं. 'भाड्याने घ्या' असं कुठेही नव्हतं. विकत घ्या म्हणून पैसे घ्यायचे आणि माणूस गेल्यावर ते तुमचं नव्हतंच म्हणायचं, हे मला कुठल्याच हिशोबात बसवता येत नाही.

पैशांचंही मी एक वेळ सोडून देईन. पण बाबा वाचताना खुणा करायचे, एकेक अक्षर दाबून टिपणं लिहायचे. एका पानाशी लिहिलंय, '72 चा दुष्काळ. सुकडी.' बस, एवढंच. त्या वर्षाबद्दल ते आमच्याशी कधी बोलले नाहीत. अशी अजून किती असतील मला माहीत नाही. रीडर माझ्याजवळ आहे, त्यात चाळीसेक पुस्तकं अजून उघडतात.

कायद्याने ही पुस्तकं आमची आहेत का? आणि खुणा वाचवता येतील का?


उत्तर: कोपरखैरणे सेक्टर 11

ताई, बाकी सगळं नंतर. आधी रीडरचं वायफाय बंद करा. आत्ता. खातं बंद झालेलं असताना तो नेटला जोडला गेला, तर उरलेली चाळीसही जाऊ शकतात.

उगाच घाबरवत नाही. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलमधून, म्हणजे त्यांच्याच ई-रीडरमधून, परस्पर पुसली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले, पुढे जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. त्यात एका शाळकरी मुलाची अभ्यासाची टिपणं होती. टिपणं राहिली, पण ज्या मजकुरावर केली तोच गेल्यामुळे निरुपयोगी झाली. तो कोर्टात गेला आणि कंपनीने तडजोड केली. टिपणांचं मोल निराळं असतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता खुणांचं. बऱ्याच रीडरमध्ये खुणा आणि टिपणं एका साध्या टेक्स्ट फाईलमध्येही साठत जातात. वायफाय बंद ठेवून यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडा, पेनड्राइव्हसारखा दिसेल. फोल्डर उघडून बघा आणि जे दिसेल ते सगळं आधी कॉपी करा. पुस्तक पुसलं गेलं तरी त्या फाईलमधला मजकूर सहसा तसाच राहतो.


उत्तर: घोडबंदर 607

ई-पुस्तकाची कॉपी होऊ नये म्हणून कंपनी फाईलला कुलूप लावते, ते काढणारी सॉफ्टवेअर मिळतात. चाळीस पुस्तकं तासाभरात मोकळी होतील. पैसे मोजलेत, चोरी कसली?


उत्तर: बेलापूरचा वकील

ग्राहक तक्रारींची कामं करतो, म्हणून जरा सविस्तर.

छापील पुस्तकाबद्दल कायदा स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 14 प्रमाणे प्रती लोकांसमोर आणण्याचा हक्क हक्कधारकाचा, पण आधीच चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. म्हणून रद्दीवाला पुस्तक विकू शकतो आणि तुम्ही तीन कपाटं वाटून घेऊ शकता. ई-पुस्तकात तुमच्या हातात 'प्रत' आली असं कंपन्या मानतच नाहीत. तो परवाना, करार. सरकारही कर लावताना तसंच बघतं. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर 2018 पासून 5 टक्के, तोही सेवा म्हणून. बाबांच्या बिलांवर दिसेल. युरोपियन महासंघाच्या न्यायालयानेही डिसेंबर 2019 मध्ये वापरलेली ई-पुस्तकं परवानगीशिवाय पुन्हा विकता येत नाहीत असा निकाल दिला. आपल्यावर तो बंधनकारक नाही, पण वारं कुठलं आहे ते कळतं.

म्हणून 'मालकी आमची' या मुद्द्यावर उभ्या राहू नका, तिथे जमीन भुसभुशीत आहे. 'विकताना फसवलं' यावर उभ्या राहा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ग्राहक मरण पावला तर त्याचा कायदेशीर वारस तक्रारदार होऊ शकतो, असं स्पष्ट लिहिलं आहे. दिशाभूल करून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा. शिवाय वाजवी कारण नसताना एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट 'अनुचित करारा'च्या व्याख्येत येते. फक्त एक लक्षात घ्या. अनुचित कराराची तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे जाते, अनुचित प्रथेची ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे चालते. मी तुमच्या जागी असतो तर ठाणे धरलं असतं. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर नोंद करा आणि खरेदीच्या बटणाचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, बटणावरचे शब्द बदलू शकतात. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून हाच नियम आहे, नुसता परवाना देत असाल तर तसं ठळक सांगितल्याशिवाय 'खरेदी' म्हणायचं नाही. आपल्याकडेही तो हवा, असं मला मनापासून वाटतं.

607, कलम 65अ वाचा. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. घरी वाचण्यासाठी तोडलं तर हेतू तो नव्हता, असा युक्तिवाद करता येईल. पण ज्यांना तक्रार करायची आहे, त्यांनी हा वाद स्वतःहून ओढवून घेऊ नये.


उत्तर: ऐरोलीचं छोटं प्रकाशन

आम्ही वर्षाला आठ-दहा मराठी पुस्तकं काढतो. ई-आवृत्ती कुलूप न लावता विकतो, पहिल्या पानावर फक्त घेणाऱ्याचं नाव घालतो. फाईल त्याची, मुलांना देऊ दे. याचा त्रासही होतो. आमचंच पुस्तक मला व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा 'वाचा, छान आहे' म्हणून आलंय, त्या दिवशी जेवण गेलं नाही. कुलूप लावणाऱ्यांची भीती खोटी नाही. पण ते कुलूप पैसे मोजणाऱ्यालाच लागतं, फुकट फिरवणाऱ्याला लागत नाही.

ताई, 212 मधली मराठी किती? त्या प्रकाशकांना बिल जोडून थेट लिहा. आम्हाला असं पत्र आलं असतं तर त्याच दिवशी फाईल पाठवली असती. आमचं एखादं असेल तर कळवा.


पाचपाखाडीची लेक

सगळ्यांचे आभार. वायफाय लगेच बंद केलं. काल रात्री रीडर जोडला आणि फाईल सापडली. 1,316 नोंदी आहेत, तारीख-वेळेसकट. बऱ्याच पहाटे चारच्या आहेत. आई म्हणते, झोप लागत नाही म्हणून गॅलरीत बसायचे, तिला वाटायचं नुसतेच बसलेत.

मराठी पुस्तकं 163 आहेत. प्रकाशकांची यादी भाऊ करतोय. ऐरोलीकर, तुमची दोन निघाली, लिहिते.

आज आत्याला फोन करून सुकडीचं विचारलं. म्हणाली, दुष्काळी कामावर बाबा तिच्याबरोबर खडी फोडायला जायचे, तेरा वर्षांचे होते. सुकडी मिळायची ती निम्मी खिशात घालून आजीसाठी आणायचे.

वकीलसाहेब, 1915 वर नोंद केली आहे. नोटीस लिहायला घेतली तर एक अडलंय. कंपनीकडे असलेली टिपणांची पूर्ण नोंद मागायची, ती पुस्तकांच्या मागणीतच घालू की वेगळी लिहू? पुस्तकांना नाही म्हणाले तरी त्या मागणीला वेगळं उत्तर द्यावं लागेल, असं काही करता येईल का?