मदत हवी आहे: तीन देशांचा अपघात-डेटा एकत्र कसा करावा?

मूळ प्रश्न (चौकशोधक)
नमस्कार. मोटरसायकल आणि कार यांच्या चौकातल्या धडकांवर काम चालू आहे. जर्मनीचा गिडास, भारताचा रासी आणि अमेरिकेचा सीआयएसएस असे अपघातांच्या सखोल तपासणीतून गोळा केलेले तीन डेटासंच जोडायचे आहेत. कॉलमची नावं जुळवून एकच टेबल केलं, पण एमएआयएस (जखमीच्या सर्वांत गंभीर दुखापतीची १ ते ६ मधली श्रेणी) ३ किंवा त्यावर असलेल्या गंभीर जखमींचं प्रमाण देशागणिक इतकं बदलतंय की ते खरं वाटत नाही. चूक कुठे शोधू? बदल्यात आमचा डेटाही द्यायचा आहे, त्यातून काय काढावं?

कोडबुक (उत्तर)
कॉलमच्या आधी निवडीचे निकष वाचा. गिडासमध्ये किमान एक जण जखमी झालेलाच अपघात येतो. सीआयएसएसमध्ये पोलिसांकडे नोंद झालेला आणि किमान एक प्रवासी वाहन टो करून न्यावं लागलेला. मोटरसायकल आदळली तरी कार बरेचदा स्वतःच्या चाकांवर निघून जाते, म्हणजे तुम्हाला हवे असलेले अपघात तिथे मुळातच गळतात. या प्रश्नापुरता मी सीआयएसएस बाजूला ठेवेन.

मग एआयएसची, म्हणजे दुखापतींना कोड आणि गंभीरतेची श्रेणी देणाऱ्या पद्धतीची, आवृत्ती. १९९८ च्या आवृत्तीत ३ असलेल्या काही दुखापती २००५ च्या आवृत्तीत २ झाल्या, त्यामुळे तेच जखमी नव्या आवृत्तीत कमी गंभीर दिसतात. दोन्हींत सगळीकडे एकास एक जोडी लागत नाही. सांख्यिकी वजनं (एक नोंद किती अपघातांच्या जागी धरायची ते आकडे) प्रत्येक देशाच्या आकडेवारीशी बांधलेली असतात, म्हणून एकत्र टेबलावर सरासरी काढू नका. प्रत्येक देशाचं प्रमाण वेगळं काढा आणि मग तुलना करा. आणि ९, ९९ हे 'माहीत नाही'चे कोड जोडणीत ० होऊ देऊ नका. नाहीतर हेल्मेटची माहिती न मिळालेला प्रत्येक चालक बिनहेल्मेटचा ठरतो.

धडकवेग (उत्तर)
मोटरसायकलच्या डेल्टा-व्हीवर (धडकेत वेगात झालेल्या बदलावर) फार भिस्त नको. १२०० किलोची कार उभी आहे, २०० किलोची मोटरसायकल ताशी ५० किमीने येऊन अडकली, तर मोटरसायकलचा डेल्टा-व्ही सुमारे ४३ येतो. ७५ किलोचा चालक वस्तुमानात धरला तर सुमारे ४१. पण चालक धडकेत सुटून पुढे जातो, त्याला बसलेला मार वेगळाच. धडकेचा वेग आणि चालक कुठे आदळला, हे दोन कॉलम जास्त उपयोगी. ईईएस (ऊर्जेशी समतुल्य वेग) म्हणजे डेल्टा-व्ही नव्हे, तो ठोकरीत खर्च झालेल्या ऊर्जेवरून काढतात.

भारतात वाहतूक डावीकडून, जर्मनीत उजवीकडून. म्हणून 'डावं वळण' न लिहिता 'समोरून येणाऱ्याच्या वाटेत आडवं वळण' असं लिहा. आरसा-प्रतिमा करायचीच असेल तर पूर्ण करा: घड्याळाच्या आकड्याने लिहिलेली धडकेची २ ची दिशा १० होते, वाहनाची बाजू बदलते, आणि शरीराची बाजूही. अर्धवट उलटवलेली नोंद नंतर ओळखता येत नाही, म्हणून मूळ कॉलम जपून ठेवा.

कोडबुक
देण्याच्या डेटाबद्दल: नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं नाही. तारीख आणि जागा मिळाली की बातमी सापडते आणि माणूस सापडतो. तारखेऐवजी महिना, वार आणि तासाचा पट्टा द्या. आकृतीत अक्षांश-रेखांशांऐवजी धडकेचा बिंदू शून्य धरून मीटरमध्ये अंतरं द्या. चेसिस क्रमांकाच्या १७ अक्षरांतली शेवटची ६ काढा. फोटोंतल्या पाट्या आणि चेहरे झाका, फाईलमधली लपलेली जीपीएस नोंदही पुसा. वय मात्र वर्षांतच असू द्या, हाडांच्या अभ्यासाला ते लागतं. सांकेतिक क्रमांकांची किल्ली तुमच्याकडे राहिली तर युरोपच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण नियमानुसार तो डेटा तुमच्यासाठी वैयक्तिकच राहतो.

चौकशोधक
खूप आभार. एका फाईलमध्ये एआयएसची आवृत्तीच लिहिलेली नाही. कशी ओळखू?

कोडबुक
दुखापतीच्या एआयएस कोडमधले टिंबाच्या आधीचे सहा अंक पाहा. मांडीच्या हाडाच्या दांड्याचा अस्थिभंग ९८ मध्ये ८५१८१४, तर २००५ मध्ये ८५३२२१. मोटरसायकल चालकांत हा अस्थिभंग भरपूर आढळतो, त्यामुळे बहुधा लगेच कळेल. एकाच फाईलमध्ये दोन्ही कोड दिसले तर वर्षानुसार फाईल तोडा.