वडिलांची प्रोस्टेटची गोळी सहा वर्षं चालू आहे, आता बंद करावी का?

कृष्णाकाठ
मंडळी, वडील ७२ वर्षांचे, गावी वाईजवळ असतात. सहा वर्षांपूर्वी लघवी पूर्ण तुंबली होती, मध्यरात्री गाडी करून साताऱ्याला नेलं, नळी घालावी लागली. सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी वाढून ५८ ग्रॅम निघाली आणि डॉक्टरांनी टॅमसुलोसिन ०.४ आणि ड्युटास्टेराइड ०.५ अशी एकत्र गोळी सुरू केली. नंतर नळी निघाली, धार बरी झाली, तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की एक. आता शेजारचे काका रोज ओट्यावर बसून सांगतात की एवढी वर्षं इंग्रजी गोळ्या खाल्ल्या की किडनी जाणारच. वडिलांच्या डोक्यात तेच बसलंय. म्हणतात त्रास नाही तर गोळी कशाला. खरं तर हल्ली रात्री परत तीन-चारदा उठतात पण विचारलं की म्हणतात पाणी जास्त प्यालो. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) नॉर्मल आहे, गेल्या वर्षी १.३ होता आणि आता २.६, लॅबच्या कागदावर ४ पर्यंत नॉर्मल लिहिलंय. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन पण ठरलंय, तर त्या निमित्ताने गोळी थांबवून बघावी का? कोणी इतकी वर्षं घेतलीय का?

रिटायर्ड मास्तर
मी घेतोय, दहा वर्षं होत आली. किडनीचं म्हणाल तर उलटं आहे हो, गोळीने नाही, लघवी आत साठून राहिली तर तिचा दाब मागे किडनीवर येतो. काकांना एवढंच सांगा. दोन गोळ्यांची कामं वेगळी आहेत. टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते, तिचा फरक काही दिवसांत कळतो आणि बंद केली की तितक्याच लवकर त्रास परत येतो. ड्युटास्टेराइड ग्रंथी हळूहळू लहान करते, तिला चार-सहा महिने द्यावे लागतात, म्हणून बरेच लोक महिनाभरात कंटाळून सोडून देतात. त्रास नाही म्हणून गोळी नको असं वडील म्हणतात, पण त्रास नाही तो गोळीमुळेच नाही ना!
बाकी त्रास आहेत, लपवायचं कशाला. झोपेतून झटकन उठलो की गरगरतं, म्हणून आधी पाय खाली सोडून पलंगावर बसतो मग उभा राहतो. बीपीची गोळी चालू असेल तर जास्तच जपायला लागतं, रात्री बाथरूमला जाताना पडून खुबा मोडलेले आमच्या कट्ट्यावर आहेत. आणि वीर्य कमी येणं किंवा अजिबात न येणं, इच्छा कमी होणं, हे डॉक्टर आपणहून विचारत नाहीत आणि आपली माणसं तोंड उघडत नाहीत.

मेडिकलवाला
मास्तर बरोबर बोलले, पण भाऊ तुमच्या पोस्टमधली मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. पीएसए नॉर्मल नाहीये! ड्युटास्टेराइड नीट चालू असेल तर सहा महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर येतो, म्हणून आलेला आकडा दुप्पट धरायचा असतो. म्हणजे २.६ चा ५.२ झाला. लॅबला काय माहीत पेशंट काय खातोय, ते छापील ४ लावून मोकळे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या गोळीवर पीएसए खाली जाऊन तिथेच राहायला पाहिजे, तो चढतोय म्हणजे काहीतरी कारण आहे. कॅन्सरच असेल असं नाही, लघवीचं इन्फेक्शन असलं तरी चढतो, पण युरॉलॉजिस्टला, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांना, दोन्ही रिपोर्ट दाखवलेच पाहिजेत.
आणि एक काम आत्ता करा. घरी फोन करून स्ट्रिपवर काय लिहिलंय ते वाचायला सांगा. नावाच्या शेवटी डी किंवा प्लस असं काही आहे का, आणि मागे बारीक अक्षरात दोन औषधं आहेत की एकच.

वैद्यकाढा
गोखरू आणि वरुणाचा काढा सुरू करा, तीन महिन्यांत गोळी सुटेल, आमच्या मामांची सुटली.

रिटायर्ड मास्तर
काढा घ्यायचा तर वैद्यांना विचारून घ्या पण चालू गोळी सोडून नको. एकदा तुंबलेला माणूस आहे, परत नळीची वेळ आणायची का.

कृष्णाकाठ
आईला व्हिडिओ कॉल करून स्ट्रिप दाखवायला लावली. फक्त टॅमसुलोसिन आहे!! जुनी रिकामी पाकिटं डब्यात होती त्यात दिवाळीपर्यंत दोन्ही औषधं दिसतायत, त्यानंतरची सगळी साधी. दुकानदाराने डी नव्हती म्हणून हीच आहे सांगून दिली म्हणे, रंग जवळपास सारखा त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणजे पीएसए त्यामुळेच वाढला असणार ना?

मेडिकलवाला
असू शकतं, ड्युटास्टेराइड बंद झाली की पीएसए काही महिन्यांत मूळ जागी जातो, आणि रात्रीचं उठणं पण जुळतंय. या औषधाचा अंश शरीरात बरेच आठवडे राहतो, म्हणून बंद झाल्याचं लगेच कळत नाही. पण तेच कारण आहे असं घरबसल्या ठरवू नका, ते डॉक्टर तपासून ठरवतील. आणि परस्पर डी पण सुरू करू नका, ती सुरू झाली की आकडा परत खाली यायला लागेल आणि वाचायला अवघड जाईल. साधी गोळी मात्र चालू ठेवा.

ओटीवाली ताई
मी डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. मोतीबिंदूसाठी गोळी बंद करायची गरज नाही, बंद करून फारसा उपयोगही होत नाही कारण परिणाम बरेच दिवस टिकतो. पण टॅमसुलोसिन घेणाऱ्यांची बाहुली नीट मोठी होत नाही आणि बुबुळाचा पडदा ऑपरेशनमध्ये लुळा पडतो. आधी कळलं तर सर्जन तयारी ठेवतात, ऐन वेळी कळलं तर धावपळ होते. फॉर्मवर औषधं विचारली की लोक बीपी-शुगरचं लिहितात, प्रोस्टेटचं लिहीत नाहीत, त्यांना वाटतं डोळ्याशी काय संबंध. स्ट्रिपच घेऊन जा.
अजून एक, घरात कुणी गरोदर असेल तर ड्युटास्टेराइडची फुटलेली कॅप्सूल तिने हाताळू नये, पोटातल्या मुलग्याला धोका असतो.

पनवेलकर
मी नऊ वर्षं गोळ्या खाऊन शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी सोपं सांगितलं होतं, परत तुंबली, सारखं इन्फेक्शन, मूत्राशयात खडा, लघवीतून रक्त येत राहणं किंवा किडनीवर सूज, यातलं काही झालं तर गोळ्यांवर थांबायचं नाही. माझ्या सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही २०० मिली शिल्लक दिसायची. वडिलांची सोनोग्राफी शेवटची कधी झाली? लघवीनंतर किती उरते ते मोजायला सांगा आणि धारेची टेस्ट पण करा, त्यात पोट भरून पाणी प्यायचं आणि जोराची लागली की मशीनच्या नरसाळ्यात करायची. आमच्यासारख्यांना बाहेर रांग बघून होतच नाही ते सोडा.

कृष्णाकाठ
सोनोग्राफी तीन वर्षांत नाही झाली. गुरुवारची युरॉलॉजिस्टची वेळ मिळालीय, दोन्ही रिपोर्ट आणि सगळी पाकिटं पिशवीत भरून ठेवायला सांगितलंय. वडिलांना जरा सर्दी झालीय, तोपर्यंत मेडिकलमधून साधी सर्दीची गोळी दिली तर चालेल ना?

मेडिकलवाला
नको नको! सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं आणि झोप आणणारं औषध असतं, त्या दोन्हींनी लघवी तुंबू शकते. वाफ द्या, अंग दुखत असेल तर नुसती पॅरासिटामॉल.