मदत हवी आहे : शाळेत एकटीच लिपिक, कामाची वाटणी लेखी कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या एका खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत मी कनिष्ठ लिपिक आहे. कार्यालयात एकटीच. पूर्वी शिपाईमामा होते. ते निवृत्त झाले आणि डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयामुळे ते पदच गेलं. त्या जागी ग्रामीण शाळेला महिना ५,००० रुपये शिपाई भत्ता मिळतो. एवढ्या पैशांत टिकणार कोण? येणारा मुलगा झाडलोट आटोपून, घंटा देऊन दुपारी पसार होतो. मग बँक, पोस्ट, वेतन पथकाच्या (पगारबिलं मंजूर करणारं सरकारी कार्यालय) चकरा माझ्याच गळ्यात.

शालार्थ या ऑनलाइन पगार-प्रणालीतली पगारबिलं मला जड नाहीत, ती माझीच कामं. जीव जातो तो आधारच्या दुरुस्त्यांत. जनरल रजिस्टरला मुलाचं नाव ‘ज्ञानेश्वर’, आधारवर ‘माऊली’, जन्मतारीख तिसरीच. ते जुळल्याशिवाय आधार वैध होत नाही, आणि वैध आधार नसलेली मुलं संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) धरली नाहीत तर शिक्षकाचं पद धोक्यात. म्हणून सगळी स्टाफरूम माझ्या डोक्यावर. पालक मात्र दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले; रात्री कोपीवर (झोपडीवर) परतले की फोन उचलतात. म्हणजे माझं ऑफिस रात्री नऊलाही चालूच! त्यात यू-डायसवर शाळेची माहिती, मुलांचे अपार आयडी, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या, दहावीचे फॉर्म. ‘आजच्या आज माहिती द्या’ हा व्हॉट्सअॅपवरचा निरोप हमखास रविवारी येतो.

शिक्षकांना दिवाळी-उन्हाळ्याची सुट्टी, आम्हाला अर्जित रजा. (शिक्षकांवर राग नाही, अशैक्षणिक कामांनी तेही पिचलेत.) पण माझ्या जागी बसायला कुणी नसताना ती रजा घेऊ कधी? रजेच्या खात्यावर शिल्लक वाढतेय आणि इकडे बीपीची गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणतात, झोप वाढवा.

मुख्याध्यापक माणूस चांगला आहे. पण विषय काढला की ‘मॅडम, तुमच्याशिवाय कोण करणार?’ म्हणतात आणि चहा मागवतात. आता तोंडी बोलून भागणार नाही, असं वाटतं.

वर्गातल्या मुलांची आधार पडताळणी वर्गशिक्षकांकडे, असा लेखी कार्यालयीन आदेश तुमच्यापैकी कुणाच्या शाळेत निघालाय का? अर्जात काय लिहिलंत? नुसतं ‘कामाचा ताण’ लिहिलं तर अर्ज फाईलला लागेल, दुसरं काही होणार नाही. अर्ज मुख्याध्यापकांना देऊन प्रत संस्थेला द्यावी, की आधी शिक्षकेतर संघटनेच्या तालुकाध्यक्षांना मध्ये घ्यावं? संस्थाचालक गावातलेच, रोज तोंड बघायचंय, म्हणून विचारतेय.

अर्जित रजा मंजूर करून घेतलेल्यांनी तेवढ्या काळात पगारबिलाची सोय कशी लावली, तेही सांगा. मे महिन्यात आठ दिवस तरी माहेरी जायचं आहे, लॅपटॉप न घेता.

‘नोकरी आहे हेच नशीब समजा’ असे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरी मिळतात.