चावडीसमोरचा फलक ठेवायचा की काढायचा?

खाडीकर: रस्तारुंदीकरणात चावडीसमोरचा, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा १९१४-१९ चा दगडी फलक निघणारच आहे, तर ती ‘गुलामीची खूण’ गोदामात टाकून तेथे फक्त स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांचे स्मारक उभारावे, असे ‘चाकरमानी’ यांनी काल लिहिले. माझे पणजोबा त्या युद्धात मराठा पलटणीतून इराकमधील बसऱ्याकडे गेले. एप्रिल १९१६ मध्ये तिथल्याच कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली उपाशी फौज शरण गेली, त्यानंतर त्यांचा पत्ता लागला नाही. पेन्शन सुरू झाली तरी पणजीने कुंकू पुसले नाही, आणि वटपौर्णिमेला वडाकडे जाताना ती त्या दगडाला लांबून वळसा घालत असे. ही खूण कोणाच्या गुलामीची?

चाकरमानी: पणजींबद्दल आदर आहे. परंतु फलकावर इंग्रजीत एवढेच आहे की या गावातून इतके पुरुष गेले व इतके मेले. ज्या साहेबाला एकाचेही नाव कोरावेसे वाटले नाही, त्याची मोजदाद आपण का जपावी?

निवृत्त सुभेदार: मग माणगावचा यशवंत घाडगे यांचा पुतळाही गोदामात टाकायचा का? पळसगावचा हा नाईक १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकटा मशीनगनवर चालून गेला. त्याला मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च किताबही साहेबाच्याच राजाचा. गणपतीला चार दिवस येऊन गावाला देशभक्ती शिकवू नये.

चाकरमानी: त्या पुतळ्याला नाव आहे, हेच मी सांगतो आहे. आणि त्याच चार दिवसांत चौथऱ्याच्या चिऱ्यांवरचे शेवाळ मी काथ्याने घासले. बारमाही गावकऱ्यांनी त्यावर वाढदिवसाचा बॅनर टेकवला होता.

खालची वाडी: बॅनरवाली पोरे तुमच्याच भावकीतली, आणि चौथऱ्याच्या डागडुजीची वर्गणी तुमच्याकडे तीन वर्षे थकली आहे. वही माझ्याकडे आहे. हवी तर पाने येथे टाकतो.

चाकरमानी: जरूर टाका. मागच्या दोन वर्षांचा खर्चही त्याच वहीत दिसेल, अशी आशा आहे.

खाडीकर: वही राहू द्या. बसऱ्याच्या स्मारकावरही भारतीय अधिकाऱ्यांची नावे आहेत आणि शिपायांचा केवळ आकडा. अशा भेदभावाबद्दल युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली, आणि आपण उरलेला आकडाही पुसायला निघालो आहोत. घरोघरी पेन्शनचे कागद, पदके निघतील. त्यांवरून नावे लावता येतील.

चाकरमानी: ठीक आहे, दगड राहू द्या. खाली मराठीत नावे कोरा. एका नावाचा खर्च मी देतो, मागची थकबाकी धरून, म्हणजे वही मिटेल. मात्र खाडीकर, एवढे लिहूनही आपण पणजोबांचे नाव अजून सांगितलेले नाही.