सलाईन लावताना आईला बाहेर का काढता?

मुक्ता_नाशिक

माझं म्हणणं आधीच सांगते, मग भांडा. लहान मुलाला सलाईन लावताना, रक्त काढताना, टाके घालताना आई किंवा बाप आत थांबू इच्छित असेल तर त्याला बाहेर काढू नये.

मागच्या पावसाळ्यात धाकट्याला डेंग्यूच्या संशयावरून अ‍ॅडमिट केलं. वय दीड वर्ष. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण हे बहुतेक ठिकाणी असंच चालतं. सिस्टरनी त्याला कडेवरून घेतलं, "मम्मी, तुम्ही बाहेर थांबा" म्हणाल्या आणि दार लावलं. आतून किंकाळ्या. बराच वेळ. बाहेर आला तो हाताला पुठ्ठ्याची पट्टी बांधून, दुसऱ्या हातावर आणि पायावर कापसाचे बोळे. किती ठिकाणी टोचलं हे विचारलं तर उत्तर नाही.

कारण काय देतात? "तुम्ही असलात की जास्त रडतो." अहो, रडणारच. आई दिसली की मूल तक्रार करतं, नसली की हताश होऊन गप्प बसतं, आणि त्या गप्प बसण्याला आपण "शहाणं बाळ" म्हणतो. लसीच्या वेळी मात्र हेच मूल माझ्या मांडीवर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये लसीकरणातल्या वेदनेबद्दल जे सांगितलंय त्यात आईबाप जवळ असावेत, मूल कुशीत धरावं, तान्ह्याला अंगावर पाजत असताना किंवा पाजल्यावर लगेच लस द्यावी, असंच आहे. मग सलाईनच्या सुईत असं काय वेगळं आहे? संमतीच्या कागदावर सही माझीच घेता ना?

वॉर्डातली

सहमत नाही. बालरुग्ण विभागात नोकरी करते, म्हणून सविस्तर.

लसीची सुई मांडीच्या स्नायूत जाते, काही सेकंदांत काम संपतं. सलाईनला शीर शोधावी लागते. उलट्या-जुलाबाने सुकलेलं बाळ असेल तर शिरा बसलेल्या असतात, गुबगुबीत असेल तर दिसतच नाहीत. तळहाताखाली टॉर्च धरून शोधतो आम्ही. कॅन्युला म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी; पिवळा म्हणजे 24 नंबर, तान्ह्याला त्याहून बारीक जांभळा, 26. तो शिरेत सरकवताना माझा श्वासही हलायला नको असतो. आणि मागे आई रडतेय, बाप मोबाईलवर शूटिंग करतोय, मामा म्हणतोय "सीनियरला बोलवा". अशा वेळी हात थरथरला की आणखी एकदा टोचावं लागतं. ते कुणाच्या खात्यात लिहायचं?

एकदा एक वडील चक्कर येऊन पडले. बाळाला धरू की त्यांना? रुग्णालयातल्या हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता वॉर्डात कायदा नसतो, मी आणि एक मावशी असतो.

बाप_माणूस

सिस्टरना +१. मुलीच्या कपाळाला टाके घालताना मी स्वतःहून बाहेर गेलो. माझा चेहरा बघून ती जास्त घाबरली असती. आता "चांगले आईबाप आत थांबतात" अशी नवी सक्ती नको. बायको आत होती, तिला जमतं.

मुक्ता_नाशिक

@बाप_माणूस, "थांबू इच्छित असेल तर" असं पहिल्याच परिच्छेदात आहे.

भूल_देणारा

दोन्ही बाजू दारावर भांडताहेत. माझ्या मते दार हा दुय्यम प्रश्न आहे. दाराच्या आत मुलाला दुखू नये म्हणून काय केलं, हे कुणी विचारलंच नाही.

थोडा इतिहास. तान्ह्या बाळांना वेदना कळत नाहीत, आणि भूल त्यांना झेपणार नाही, असं डॉक्टरच मानत. 1985 मध्ये वॉशिंग्टनला एका अपुऱ्या दिवसांच्या बाळावर हृदयाजवळच्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झाली, ती केवळ हालचाल थांबवणारं औषध देऊन. वेदनाशामक नाही, भूल नाही. बाळ पुढे दगावलं. हे आईला नंतर कळलं आणि तिने गप्प बसायचं नाकारलं. त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये डॉ. के. जे. एस. आनंद हेच तपासत होते. (अवांतर: हे आपल्याकडचे, एमबीबीएस इंदूरचं.) 1987 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवलं की अशाच शस्त्रक्रियेत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी असतो आणि त्यांची प्रकृतीही जास्त स्थिर राहते. तिथून चित्र पालटायला लागलं.

आज काय करता येतं? कातडी बधिर करणारं लिग्नोकेन-प्रिलोकेनचं क्रीम मिळतं. साधारण तासभर आधी शिरेच्या जागी जाड थर लावून वर प्लास्टिकची पट्टी. अगदी नवजात बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तान्ह्याला टोचण्याआधी दोनेक मिनिटं साखरेच्या पाण्याचे थेंब, तेही वॉर्डात मोजून. घरून बाटली आणू नका.

उपाशी ठेवण्याचंही तेच. भुलेआधी आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास, वरचं दूध आणि हलकं खाणं 6 तास बंद, हा सर्वसाधारण नियम. पण पालकांना सांगितलं जातं "रात्री बारानंतर काही नको" आणि नंबर लागतो दुपारी एकला. ते मूल सुई बघायच्या आधीच बेजार झालेलं असतं. यावर भांडा ना!

आईला मी मूल झोपेपर्यंत थिएटरमध्ये घेतो. पण आधी बजावून: भूल चढताना डोळे वर जातील, हातपाय झटकेल, घशातून आवाज येईल. न सांगता आत आणलेली आई ते आयुष्यभर विसरत नाही.

आज्जी_सांगली

मला सिस्टरांचं पटतं. नातवाला तापात झटके आले, डॉक्टर म्हणाले पाठीतलं पाणी काढून तपासू. सगळं घर आडवं पडलं. "पाणी काढलं की पोर लुळं पडतं" म्हणे! सुनेला कुणी विचारेना, तिचे काका सासरेच बोलताहेत. शेवटी डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर घालवलं, सुनेशी एकटीशी बोलले, तिने सही केली. मेंदूज्वर निघाला, औषध लागू पडलं. हे सगळं बिऱ्हाड आत असतं तर काय झालं असतं?

भूल_देणारा

आज्जी, ती सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते. लुळं पडण्याची भीती निराधार आहे, पण अजून रोज ऐकतो.

मुक्ता_नाशिक

आज्जी, बिऱ्हाडाला आत घ्या असं मी म्हणतच नाहीये. तुमच्या गोष्टीत डॉक्टर आईशीच बोलले, मग आईला बाहेर ठेवायचं कारण कुठे आलं?

आणखी एक. इंग्लंडात एके काळी आईबापांना भेटायच्या वेळेपुरतंच वॉर्डात सोडत. रुग्णालयातल्या मुलांच्या हितासाठी नेमलेल्या प्लॅट समितीच्या 1959 च्या अहवालानंतर ते हळूहळू बदललं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात आई कॉटखाली सतरंजी टाकून झोपतेच. औषधं आणते, रक्ताची बाटली लॅबला पोचवते, लघवी मोजते. फक्त सुई टोचताना ती परकी! नवजात बाळांच्या सरकारी अतिदक्षता कक्षात आईबापांना शिकवून बाळाच्या देखभालीत सामील करून घ्यावं, अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना 2017 मध्ये आल्या. एवढ्याशा बाळापाशी आई चालते, तर दीड वर्षाच्या मुलापाशी का नाही?

वॉर्डातली

क्रीमचं डॉक्टरांचं पटलं. पण आमच्या स्टॉकला नसतं. लिहून दिलं आणि नातेवाइकांनी आणलं तर लावीन. सुस्त मूल रात्री येतं तेव्हा मात्र तासभर थांबणार नाही.

आईबद्दल: एकच माणूस, मोबाईल बाहेर. तिने मुलाचे हात दाबायचे नाहीत, ते काम आमचं. तिने डोक्याशी बसून बोलत राहायचं. दोनदा शीर सापडली नाही तर मी दुसऱ्या सिस्टरला बोलावीन, ते मी ठरवणार, मामाने नाही.

मुक्ता_नाशिक

सगळं मान्य. ते "दोनदा"चं तेवढं दारावर लिहून लावाल?

वॉर्डातली

मेट्रनना विचारा. मी लावलं तर दुसऱ्या दिवशी मेमो मलाच.